तिकीट तुमचं, शूटिंग त्यांचं

फ्लोरिडात ऑरलँडोजवळ डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम या थीम पार्कमध्ये ‘हाँटेड मॅन्शन’ ही भुतांच्या वाड्याची राइड आहे. काळ्या गाडीत बसून अंधारातून जाता जाता आपण एका सज्जावर येतो, आणि खाली दिवाणखान्यात भुतांची मेजवानी रंगलेली दिसते. आरपार दिसणारी भुतं जोडीजोडीनं नाचत असतात. ही पडद्यावर टाकलेली चित्रं नव्हेत. खरे हलते पुतळे आपल्या वाटेच्या वर आणि खाली काळोखात दडवलेले असतात, आणि आपल्या व दिवाणखान्याच्या मधे प्रचंड मोठ्या काचा उभ्या असतात. पुतळ्यांवर दिवा पडला की त्यांचं प्रतिबिंब काचेत उमटतं आणि पलीकडच्या खऱ्याखुऱ्या टेबल-खुर्च्यांत जाऊन बसतं. दिवा मालवला की भूत गायब. एकोणिसाव्या शतकातल्या रंगभूमीवरची ही करामत. तिची अट एकच आहे: काचेच्या अलीकडे, म्हणजे प्रेक्षकांच्या बाजूला, पुतळ्यांवरच्या दिव्यांखेरीज दुसरा उजेड नको.

आता पुढच्या गाडीतला व्लॉगर, म्हणजे व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाकणारा माणूस, मोबाइलला चिकटवलेला छोटा एलईडी दिवा लावतो आणि स्वतःकडे वळवून बोलायला लागतो. पुतळ्यांना लागू असलेला नियम त्यालाही लागू होतो. त्याचा उजळलेला चेहरा काचेत उमटतो. भुतांच्या पंगतीत बेसबॉलची टोपी घातलेलं एक जादा भूत येऊन बसतं आणि ‘हॅलो गाइज’ म्हणतं. मागच्यांना काच दिसते, काच दिसली की युक्ती कळते, आणि एकदा कळलेली युक्ती विसरता येत नाही.

नाटकाला जाणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. तिसऱ्या घंटेच्या आधी ‘मोबाइल बंद ठेवा’ अशी विनंती होते, तरी प्रयोगात कुणाचा तरी वाजतोच, आणि नटानं प्रयोग थांबवल्याच्या बातम्याही आपण वाचल्या आहेत. अंधारातली राइड हे नाटकच आहे. फरक इतकाच की इथे रंगमंच जागेवर राहतो आणि प्रेक्षक पुढे सरकतो.

थीम पार्कच्या दर्दींची व्लॉगरांवरची चीड इथून सुरू होते. पण ती इथेच थांबली असती तर लेख लिहिण्याइतका विषय नव्हता. कॅमेऱ्याचा उपद्रव डोळ्यांना दिसतो म्हणून त्यावर सगळे बोलतात. त्याहून मोठं नुकसान न दिसणारं आहे. व्लॉगर स्वतःला ‘तुमच्यासारखाच एक चाहता’ म्हणवतो, आणि काम मात्र पार्कच्या विक्री खात्याचं करतो, पगारपत्रकावर नाव नसलेल्या माणसासारखं. पार्कला हे ठाऊक आहे आणि सोयीचंही आहे. किंमत मोजतो तो तिकीट काढून आत आलेला माणूस. म्हणून माझं म्हणणं असं की नुसतं व्लॉगरांना शिव्या घालून भागणार नाही. हिशेब पार्ककडे मागायला हवा.

आधी पैशांचं बोलू. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडचं एका दिवसाचं, एका पार्कचं तिकीट २०२४ च्या ऑक्टोबरमध्येच सगळ्यात गर्दीच्या दिवसांना २०६ डॉलर झालं होतं. पाच प्रौढ म्हणजे हजारावर डॉलर, आणि यात राहणं, खाणं, रांग टाळण्याचा पास काहीच आलं नाही. वर्षभराचा पास असलेला स्थानिक माणूस ‘आजचा कार्यक्रम कॅमेऱ्यांत गेला, पुढच्या रविवारी पाहू’ म्हणू शकतो. ह्यूस्टन किंवा न्यू जर्सीच्या मराठी घरात आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले असतात. त्यांची ऑरलँडोची चक्कर आयुष्यात एकदाच व्हायची असते. त्यांना पुढचा रविवार नसतो.

मॅजिक किंगडमचं रात्रीचं आतषबाजीचं प्रदर्शन घ्या. किल्ल्यासमोरच्या चौकात लोक तास-दीड तास आधी जागा धरतात. प्रदर्शन सुरू होतं आणि पुढच्या रांगेत गिंबलवर (मोबाइल हलू न देणाऱ्या दांड्यावर) चढवलेले मोबाइल डोक्यावर जातात. लग्नात अंतरपाट दूर होताना पाहुण्यांना नेमकी फोटोग्राफरची पाठ दिसते, तसं मागच्या मुलाला आकाश दिसायचं ते सहा इंची पडद्यांतून दिसतं. आतषबाजीचं तेच प्रदर्शन चारशे जणांनी चारशे वेळा टिपलेलं आहे. चारशे एकाव्या प्रतीची गरज कुणाला आहे, हा प्रश्न त्या पुढच्या रांगेत कुणी विचारत नाही.

वेगाच्या राइडवर तर प्रश्न नुसत्या रसभंगाचा राहत नाही. ऑरलँडोतल्याच युनिव्हर्सलच्या पार्कातली ‘व्हेलोसिकोस्टर’ ही रोलर कोस्टर ताशी सुमारे ११३ किलोमीटर वेगानं धावते आणि तिचा उंच मनोरा ४७ मीटरचा आहे. तिथून मोबाइल सुटला तर मागच्या डब्यातल्या माणसाच्या तोंडावर तो दगडासारखा आदळेल. म्हणून रांगेत धातुशोधक दारं आहेत आणि सामान लॉकरमध्ये ठेवल्याशिवाय गाडीत बसू देत नाहीत. डिस्नेनंही एकदा कडक पाऊल उचललं होतं. २०१५ च्या जूनमध्ये डिस्नेच्याच कॅलिफोर्निया अॅडव्हेंचर या पार्कात चालू रोलर कोस्टरवर कुणीतरी सेल्फी स्टिक बाहेर काढली, राइड थांबवावी लागली, आणि महिनाअखेरीस सेल्फी स्टिकवर सरसकट बंदी आली. फाटकावर बॅगा तपासतानाच काठ्या अडवायला सुरुवात झाली. पार्कला नियम पाळून घ्यायचा असला की तो किती लवकर पाळला जातो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कारण डिस्ने वर्ल्डच्या नियमावलीत आणखी एक कलम आहे. परवानगीशिवाय व्यावसायिक कामासाठी कोणतंही चित्रीकरण करायला मनाई. वाक्य सरळ आहे. यूट्यूबवर हजार सदस्य आणि वर्षात चार हजार तासांचं प्रेक्षण झालं की चॅनेलला जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळू शकतो. तो घेणारा माणूस पार्कात उभं राहून चित्रीकरण करतो, तेव्हा तो व्यवसायच करत असतो. आठवड्यातले पाच दिवस येऊन रोज वीस मिनिटांचा व्हिडिओ टाकणारा तर नक्कीच. तरी त्याला फाटकावर कुणी अडवत नाही. उलट नव्या राइडच्या उद्घाटनाआधीच्या खास कार्यक्रमाचं निमंत्रण जातं, खाणंपिणं होतं, कलाकारांसोबत फोटो होतात.

कंपनीचा हिशेब समजण्यासारखा आहे. टीव्हीवरची तीस सेकंदांची जाहिरात पैसे देऊन घ्यावी लागते. व्लॉगर वीस मिनिटांची जाहिरात फुकट करतो, वर तिकीटही स्वतःच्या पैशानं काढतो. अशा माणसावर नियमाचं कलम कोण चालवेल? कलम कागदावर ठेवायचं, एखादा फारच अडचणीचा झाला तर त्याच्यापुरतं बाहेर काढायचं. नियम सगळ्यांना सारखा लावत नाहीत तेव्हा तो नियम राहत नाही, लगाम होतो. लगाम हातात असलेल्याविरुद्ध फार कडक बोलू नये, एवढं शहाणपण व्लॉगरला कुणी शिकवावं लागत नाही.

याचा सगळ्यात बोलका दाखला ‘स्टार वॉर्स’च्या हॉटेलचा. डिस्ने वर्ल्डमध्ये २०२२ च्या मार्चमध्ये ‘गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’ सुरू झालं. दोन रात्रींचा मुक्काम, आणि दोघांचा खर्च पावणेपाच हजार डॉलरच्या पुढे. उद्घाटनाच्या दिवसांत निमंत्रितांचे गोड व्हिडिओ भरभरून आले. २०२३ च्या सप्टेंबरअखेर हॉटेल कायमचं बंद पडलं. मग २०२४ च्या मेमध्ये जेनी निकलसन या यूट्यूबरनं चार तासांचा एकच व्हिडिओ टाकला. ती स्वतःच्या खर्चानं तिथे राहिली होती. काय चाललं नाही, पाहुण्यांनी फोनवरच्या अॅपमधून खेळायचं कथानक कुठे अडकलं, खांबामागच्या टेबलावरून कार्यक्रम कसा दिसत नव्हता, हे तिनं एकेक करून मांडलं. चार तासांचा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. लोकांना टीका नको असते, लांब व्हिडिओ नको असतात, या दोन्ही सबबी त्या दिवशी निकालात निघाल्या. गोड बोलणारे सगळे खोटं बोलत होते असं नाही. फुकट जेवलेल्याला मीठ कमी वाटत नाही, इतकंच.

निमंत्रणापेक्षाही न दिसणारी एक मिळकत असते. डिस्ने प्रवास-एजंटांना बुकिंगमागे कमिशन देते. ग्राहकाला त्यासाठी जादा मोजावं लागत नाही, म्हणून ‘माझ्या लिंकवरून फुकट प्लॅनिंग करून घ्या’ हे एजंटांशी जोडलेल्या व्लॉगरचं वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरं असतं. पण त्या लिंकचा सल्ल्यावर परिणाम होतोच. पार्कच्या आतल्या महागड्या हॉटेलात राहायचं की चार मैलांवरच्या साध्या हॉटेलात, या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्याला एका उत्तरातून जास्त मिळत असेल, तर ते ऐकणाऱ्याला आधी कळायला हवं. पैसे वाचवणारी माहिती मिळत नाही असं नाही, पण ती अठराव्या मिनिटाला मिळते. डिस्नेच्या पार्कात बाहेरचे खाद्यपदार्थ नेता येतात. दारू, काचेच्या बरण्या आणि सुटा बर्फ चालत नाही. म्हणजे ठेपले, चिवडा, पोळीभाजीची गुंडाळी खुशाल न्या, लोणचं मात्र प्लास्टिकच्या डबीत. काउंटरवर जेवण देणाऱ्या ठिकाणी बर्फाचं पाणी मागितलं की फुकट मिळतं. पाच जणांच्या कुटुंबाचे यात एका दिवसात सहज पन्नास-साठ डॉलर वाचतात. या माहितीवर कमिशन नाही, आणि ठेपल्याचा फोटो व्हिडिओच्या मुखपृष्ठावर शोभत नाही.

आता माहितीबद्दल. व्लॉगरची खरी उपयुक्तता इथेच होती आणि चाहत्यांची खरी निराशाही इथेच आहे. पार्कची व्यवस्था इतकी किचकट झाली आहे की वाटाड्या लागतो, हे मान्यच. १९९९ साली रांग टाळायचा ‘फास्टपास’ आला तेव्हा तो कागदाचा होता आणि फुकट होता. यंत्रात तिकीट घातलं की परत यायची वेळ छापून मिळायची. मग तो फोनवर गेला, २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ‘जिनी प्लस’ नावानं विकत मिळू लागला, आणि २०२४ च्या जुलैमध्ये ‘लायटनिंग लेन मल्टी पास’ झाला. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्काम सुरू होण्याच्या सात दिवस आधी निवड करता येते, बाकीच्यांना भेटीच्या तीन दिवस आधी. सुरुवातीला तीन राइड निवडायच्या, प्रत्येकीला एक तासाची वेळ मिळते. पहिली वापरली की पुढची एक घेता येते. बहुतेक पार्कांत राइडचे दोन गट असतात, आणि पहिल्या गटातली एकच निवडता येते. सगळ्यात मागणीच्या एखाददोन राइड यात नसतातच, त्यांचा पास वेगळा.

निवड सकाळी सातला उघडते. कुठल्या सातला? फ्लोरिडाच्या. कॅलिफोर्नियात बसलेल्यासाठी पहाटेचे चार, आणि पुण्यात बसून मुलाला मदत करणाऱ्या बाबांसाठी उन्हाळ्यात दुपारचे साडेचार, हिवाळ्यात संध्याकाळचे साडेपाच. ही ओळ सांगायला पाच सेकंद लागतात. ‘सातला तयार राहा, मित्रांनो’ म्हणणारे व्हिडिओ शेकड्यांनी आहेत, वेळ कुठली ते सांगणारे मोजके.

दुसरा गोंधळ नावाचा. डिस्नेलँड कॅलिफोर्नियात आहे, डिस्ने वर्ल्ड फ्लोरिडात. दोन्हींत चार हजार किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, आणि नियमही वेगळे. कॅलिफोर्नियात मल्टी पासची आगाऊ निवड नसते, पार्कात शिरल्यावरच राइड निवडायच्या. बोलण्यात मात्र दोन्ही ‘डिस्ने’च. फ्लोरिडाचा व्हिडिओ पाहून कॅलिफोर्नियाची तयारी करणारं कुटुंब सात दिवस आधी अॅपमध्ये नसलेलं बटण शोधत बसतं.

व्हिडिओ जुना होतो, यात व्लॉगरचा दोष नाही. पण जुना झालेला व्हिडिओ जुना आहे हे न सांगणं हा दोष आहे, कारण त्यावरची जाहिरात अजून चालू असते. शीर्षकातला आकडा २०२४ चा २०२५ करून आतला मजकूर तोच ठेवण्याची सवय तर थेट फसवणुकीत मोडते. सुदैवानं डिस्ने वर्ल्डच्या व्हिडिओचं वय त्यातल्या शब्दांवरून ओळखता येतं. ‘फास्टपास’ घ्या असं सांगत असेल तर तो २०२१ च्या आधीचा. ‘जिनी प्लस’ म्हणत असेल तर २०२४ च्या जुलैच्या आधीचा. ‘तिकिटाबरोबर पार्कचं रिझर्व्हेशनही करा’ किंवा ‘दुसऱ्या पार्कात दुपारी दोननंतरच जाता येतं’ असं ऐकू आलं तर २०२४ च्या जानेवारीच्या आधीचा. ‘ट्रॉन’ राइडसाठी व्हर्च्युअल रांग (फोनवरून नंबर लावायची) सांगत असेल तर २०२४ च्या सप्टेंबरआधीचा. आणि ‘विमानतळावरून मॅजिकल एक्सप्रेसची बस फुकट आहे’ हे वाक्य आलं की लगेच बंद करा. ती बस २०२२ च्या सुरुवातीलाच गेली. सामानाच्या चार बॅगा आणि दोन ज्येष्ठ नागरिक घेऊन विमानतळावर ती शोधणं किती महागात पडतं, हे टॅक्सीचं भाडं सांगेल.

माहिती पातळ का होते, तेही समजून घेऊ. आठ मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओच्या मधे जाहिराती घालता येतात. २०२० च्या जुलैआधी ही मर्यादा दहा मिनिटांची होती. त्यामुळे दोन मिनिटांची माहिती असेल तर उरलेल्या सहा मिनिटांचं काय करायचं हे ठरलेलं आहे. पार्किंगमधून चालत येणं, नाश्ता, नाश्त्याबद्दल मत, ‘शेवटी एक मोठी बातमी आहे’. आणि रोज व्हिडिओ टाकायचा असेल तर रोज बातमी हवी. पार्कात रोज काही घडत नाही. मग घडवावं लागतं.

इथे चाहत्यांचा राग सगळ्यात रास्त आहे. मॅजिक किंगडममधली ‘बिग थंडर माउंटन’ ही आगगाडीच्या रूपातली रोलर कोस्टर २०२५ च्या जानेवारीत दुरुस्तीसाठी बंद झाली. पुन्हा सुरू होणार हे पहिल्या दिवसापासून जाहीर होतं. तिच्याच शेजारची ‘रिव्हर्स ऑफ अमेरिका’ ही नदी, तिच्यातली वाफेची बोट आणि मधलं बेट २०२५ च्या जुलैत कायमचं बंद झालं. एक दुरुस्ती, एक कायमचा निरोप. व्हिडिओच्या मुखपृष्ठावर मात्र दोन्हींना तीच लाल फुली, तेच पिवळं ‘बंद!’, तोच आ वासलेला चेहरा. वास्तविक तपासणं अवघड नाही. दुरुस्तीचं वेळापत्रक कंपनीच्या संकेतस्थळावर असतं, आणि मोठं बांधकाम सुरू होण्याआधीची कामाची नोटीस ऑरेंज काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, सार्वजनिक नोंदींत येते. काही जण ती वाचून चोख बातम्या देतात. बाकीचे त्यांची बातमी उचलतात, प्रश्नचिन्ह लावतात आणि अफवा करून विकतात.

‘युक्त्या’ सांगणाऱ्या व्हिडिओंबद्दल मी जास्त कडक आहे. रांगेत उभं राहणं ज्यांना शक्य नाही अशांसाठी डिस्नेची एक सवलत आहे. २०१३ च्या आधीची पद्धत बंद करावी लागली, कारण अपंग व्यक्तीला वाटाड्या म्हणून भाड्यानं घेऊन रांग चुकवल्याच्या बातम्या आल्या होत्या. नवी पद्धत आली. तीही २०२४ मध्ये आणखी आवळली गेली. आता व्हिडिओ कॉलवर मुलाखत होते आणि खोटं बोलल्याचं आढळलं तर कायमच्या बंदीची तंबी आहे. हे सगळं व्लॉगरांमुळे झालं असं म्हणणं अन्याय होईल. पण मुलाखतीत काय बोललं की सवलत मिळते, हे सांगणारा प्रत्येक व्हिडिओ पुढची मुलाखत अवघड करतो, आणि ती अवघड होते ती खोटं बोलणाऱ्यासाठी नव्हे. स्वमग्न मुलाच्या आईसाठी.

दुसरी बाजू पोकळ नाही. रोलर कोस्टरवरून पुढचं दृश्य दाखवणारा साधा, न बोलता केलेला व्हिडिओ घाबरट मुलाच्या किंवा मानदुखी असलेल्या आजीच्या फार कामाचा. गाडीत चढायला पायरी किती उंच, आडवा दांडा मांडीवर कुठे येतो, अंधार किती वेळ, हे कंपनीच्या संकेतस्थळावर इतक्या उघड मिळत नाही. आणि बंद पडलेल्या राइडचं काय? ‘स्प्लॅश माउंटन’ फ्लोरिडा आणि कॅलिफोर्निया दोन्हीकडे २०२३ मध्ये बंद झाली. अमेरिकेत आज ती उरली आहे ती लोकांनी काढलेल्या चित्रीकरणातच. ‘डिफंक्टलँड’ या चॅनेलनं २०२१ मध्ये फास्टपासच्या इतिहासावर पावणेदोन तासांचा माहितीपट केला, संगणकावर एक आख्खं काल्पनिक पार्क चालवून पासमुळे रांगांचं काय होतं ते दाखवलं. असं काम विद्यापीठातल्या प्रबंधातही क्वचित सापडतं. म्हणून ‘कॅमेरेच बंद करा’ म्हणणाऱ्या चाहत्यांशी मी सहमत नाही. मात्र एक गोष्ट नजरेत भरते. ही चांगली उदाहरणं बनायला महिने लागले, आणि त्यांसाठी कुणाच्या डोळ्यांसमोर रोज दिवा धरावा लागला नाही.

आपल्याकडे हा प्रश्न छोटा आहे, पण चेहरा तोच. खोपोलीच्या इमॅजिकाबद्दल मराठी-हिंदी व्हिडिओ भरपूर आहेत. तिकिटाचा दर सांगतात, तो कुठल्या दिवसाचा ते सांगत नाहीत. डिसेंबरच्या उन्हात काढलेला व्हिडिओ पाहून लोक जुलैत निघतात, जेव्हा धो धो पावसात उघड्यावरच्या राइड थांबतात. (ऑरलँडोतही हेच. आपले आई-बाबा जातात त्या जून ते सप्टेंबरमध्ये तिथे दुपारी हमखास गडगडाट होतो, आणि वीज जवळ आली की बाहेरच्या राइड बंद. उघड्यावरच्या राइड सकाळीच उरका.) कायद्याचं पाहिलं तर आपण मागे नाही. ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या सूचनांनुसार फुकटचा प्रवास, हॉटेलचा मुक्काम, भेटवस्तू हे सगळं ‘हितसंबंध’ धरलं जातं. व्हिडिओत ते नुसतं खालच्या मजकुरात नव्हे तर प्रत्यक्ष व्हिडिओत, आवाजात आणि अक्षरांत सांगायचं, थेट प्रक्षेपणात सतत दाखवायचं. फसव्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेचंही म्हणणं हेच: खुलासा ठळक हवा आणि चुकणार नाही अशा जागी हवा. अंमलबजावणी दोन्हीकडे तक्रारीवर चालते, आणि वाया गेलेल्या एका दिवसासाठी तक्रार करत कोण बसतो?

म्हणून भार पार्कवर टाकायला हवा. त्यांच्याकडे फाटक आहे, बॅग-तपासणी आहे, आणि नियमाचं कलम आधीच लिहिलेलं आहे. त्या कलमाचा परवाना करा. उत्पन्नासाठी चित्रीकरण करणाऱ्यानं वर्षाचा परवाना काढावा, गळ्यात दिसेल असं ओळखपत्र घालावं. ओळखपत्र दिसलं की शेजारच्याला कळेल की इथे आपण चित्रात येणार, मुलाला बाजूला घ्यायचं तर आत्ताच. परवान्याच्या अटी थोड्या असाव्यात पण पाळून घ्याव्यात. अंधाऱ्या राइडमध्ये बोलणं आणि कोणताही दिवा बंद. कॅमेऱ्याचा फोकससाठी पेटणारा नारिंगी दिवा वेगळ्या सेटिंगनं बंद करावा लागतो; फ्लॅश बंद केला म्हणजे तो बंद होत नाही, हे निम्म्यांना माहीत नसतं. पडद्याचा उजेड शून्यावर, मनगटावरचं स्मार्ट घड्याळ ‘थिएटर मोड’वर. आतषबाजीला कॅमेरा डोळ्यांच्या उंचीच्या वर नाही. रांगेतून थेट प्रक्षेपण नाही. आणि पार्कनं निमंत्रण, तिकीट किंवा जेवण दिलं असेल तर त्याची यादी पार्कनं स्वतःच जाहीर करावी. घेणाऱ्यानं सांगितलं नाही तरी देणाऱ्यानं सांगितलंच पाहिजे.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: परवाना आला की मोठे व्लॉगर टिकतील, नवखे मरतील, आणि परवाना देणारी कंपनी टीका करणाऱ्यालाच पहिला नाकारेल. दुसरी भीती खरी आहे. म्हणून परवाना मागेल त्याला मिळायला हवा, मजकूर न पाहता, आणि रद्द व्हायचा तो फक्त वागणुकीवरून: दिवा लावला, रांग मोडली, कुणाच्या मुलाचं चित्रीकरण केलं. पहिल्या भीतीचं उत्तर सोपं आहे. ज्याच्या चॅनेलला जाहिरातींचं उत्पन्नच सुरू झालेलं नाही, त्याला परवाना लागणार नाही. तो अजून पाहुणाच आहे, आणि पाहुण्याला जे नियम आहेत ते त्याला आहेत. उत्पन्न सुरू झालं त्या दिवशी तो पाहुणा राहिला नाही. त्याच्यासाठी पार्कनं महिन्यातली एक सकाळ, उघडण्याआधीचा एक तास, हाँटेड मॅन्शनचे दिवे नेहमीसारखे लावून राखून ठेवावा. हवं तितकं शूट करा. त्यानंतर दरवाजे उघडतील तेव्हा काचेत भुतंच दिसली पाहिजेत.